पार्किंगच्या शेडवर सोलर आणि पॅनेलचंच छप्पर: कोटेशन सारखं दिसलं तरी काम वेगळं आहे

पार्किंगवर सोलर लावूया असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरतं, मग दोन-तीन वेंडरची कोटेशनं येतात, एकाचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच कमी असतो आणि कमिटी साहजिकच तिकडे वळते. तिथे जरा थांबा आणि एवढंच बघा की त्या स्वस्त कोटेशनमध्ये आहे त्या पत्र्याच्या शेडवर पॅनेल चढवायचे आहेत, की नवीन कॉलम उभे करून पत्र्याशिवाय थेट पॅनेलचंच छप्पर करायचंय. लांबून दोन्ही सारखंच दिसतं, खाली गाड्या आणि वर काळी काच, कागदावर दोन्हीला सोलर कार्पोर्टच लिहितात आणि वीजही थोड्याफार फरकाने तेवढीच येते. फरक कळतो तो वळवाच्या पावसाआधी वारा सुटतो तेव्हा, आणि दहा-बारा वर्षांनी पत्रा गंजतो तेव्हा.

आधी हिशोब बघू. एका कारची जागा साधारण अडीच बाय पाच मीटर, म्हणजे दहा गाड्यांची ओळ १२५ चौरस मीटर. हल्लीचा ५५० वॅटचा पॅनेल सव्वादोन मीटर लांब आणि सव्वा मीटरला थोडा कमी रुंद असतो, वजन २८ किलोच्या आसपास, दोन्ही बाजूंना काच असेल तर ३० च्या वर. असे ४५ पॅनेल त्या ओळीवर बसतात, म्हणजे २५ किलोवॅटच्या जवळपास, आणि आपल्याकडे एक किलोवॅट वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतो तर रोजची शंभरेक युनिट झाली. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे यांच्या बिलाला हे चांगलंच जाणवतं. पॅनेल, ते ज्यावर बसतात त्या धातूच्या पट्ट्या म्हणजे रेल, आणि आवळणारे क्लॅम्प धरून वजन दीड टनाच्या आसपास जातं आणि सगळे याच वजनाबद्दल विचारतात, "शेड पेलेल का हो?" वेंडर म्हणतो पेलेल, विषय संपतो.

खरा प्रश्न वजनाचा नाहीये, वाऱ्याचा आहे. वाऱ्याच्या भारासाठीच्या भारतीय मानकात, आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, पुणे आणि नाशिकसाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, मुंबई आणि नागपूरसाठी ४४. ताशी सांगायचं तर १४० आणि १५८ किलोमीटर. या वेगाला दाब येतो दर चौरस मीटरला ९० ते १२० किलो, तोही उंची, आकार वगैरेचे गुणक लावायच्या आधीचा. पॅनेलचं वजन रेल-क्लॅम्पसकट तेवढ्याच जागेत १२ ते १५ किलो. म्हणजे वादळात छप्पर खाली बसत नाही, वर उचललं जातं, आणि पार्किंगचं छप्पर चारही बाजूंनी उघडं असल्यामुळे वारा खालून घुसतो, त्यात खाली एखादा टेम्पो उभा असेल तर अडलेला वारा अजून जोरात वर ढकलतो. त्या दहा गाड्यांच्या ओळीसाठी गणित केलं तर मूळ दाबच १२ ते १५ टन निघतो. दीड टन वजन पेलणारी शेड हे ओढून धरेल असं गृहीत धरता येत नाही.

आता कुणी म्हणेल की पत्र्यावरही तेवढाच वारा येतोय की, क्षेत्रफळ तेच आहे. बरोबर आहे, पण आपल्या बहुतेक सोसायट्यांच्या शेडा फॅब्रिकेटरने अंदाजाने केलेल्या असतात, ड्रॉइंग नाही, पाया म्हणजे हातभर खड्ड्यात ओतलेलं काँक्रीट. जोराच्या वाऱ्यात अशा शेडचा पत्रा उडतो आणि पत्रा उडाला की वाऱ्याची पकड सुटते म्हणून सांगाडा वाचतो. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीत किती घरांवरचे पत्रे नेले ते सगळ्यांनी पाहिलंय. त्याच पत्र्यावर काचेचे पॅनेल घट्ट आवळले की एक तर सगळा ताण सांगाड्यावर येणार, नाहीतर २८ किलोची काच हवेत जाणार. आणि जास्त वीज मिळावी म्हणून पॅनेल पायांवर उचलून दक्षिणेकडे तिरके लावले असतील तर ते शिडासारखे वारा पकडतात, त्या शेडने आयुष्यात न पाहिलेला भार तिच्यावर पडतो. १३ मे २०२४ ला घाटकोपरला होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसं गेली, त्या होर्डिंगचा पाया कमकुवत होता हे नंतरच्या तपासणीत पुढे आलं. मोठा सपाट पृष्ठभाग आणि अंदाजपंचे पाया, या जोडीची मला मनापासून भीती वाटते कारण खाली आपलीच पोरं सायकल काढत असतात.

शेडवर आधीच पॅनेल बसवलेले असतील तर खाली उभं राहून वर बघा. पॅनेलची रेल ज्या स्क्रूने पत्र्याला ठोकलीये त्यांची टोकं खालच्या पर्लिनमध्ये, म्हणजे पत्रा ज्यावर टेकतो त्या आडव्या लोखंडी पट्ट्यांमध्ये, शिरलेली दिसली पाहिजेत. टोकं दोन पर्लिनच्या मधेच पत्र्यातून नुसती बाहेर आलेली दिसली तर तो पॅनेल पाऊण मिलिमीटरपेक्षाही पातळ पत्र्यावर लटकलाय. असं का होतं, तर शेडच्या पर्लिनचं अंतर पत्र्याच्या हिशोबाने ठेवलेलं असतं, पॅनेल जिथे क्लॅम्प करायचे ते बिंदू वेगळीकडेच येतात आणि बसवणारा मुलगा सोयीची जागा बघून ठोकतो. पॅनेलचंच छप्पर करताना मात्र पर्लिन पॅनेलच्या मापानेच टाकतात, हा मोठा फायदा. शिवाय खालून वारा खेळतो त्यामुळे पॅनेल कमी तापतात, तापमान दहा अंशांनी उतरलं तर तीन-चार टक्के वीज जास्त मिळते, तापलेल्या पत्र्याला चिकटून बसलेल्या पॅनेलला ते सुख नाही.

अजून एक, पॅनेलची वॉरंटी २५ वर्षांची आणि पत्रा समुद्राजवळ तर त्याच्या निम्म्यातच जातो. पत्रा बदलायचा म्हणजे सगळे पॅनेल उतरवा, वायरिंग सोडवा, परत चढवा. हा खर्च कोटेशनमध्ये कुठेच नसतो.

पण पॅनेलचं छप्पर म्हणजे सगळं छान असंही नाही. दोन पॅनेलच्या मधल्या फटीतून पाणी गळतं, कोकणात किंवा मुंबईत चार महिने गाडीवर काळे ओघळ नको असतील तर मधे रबराच्या पट्ट्या आणि खाली पन्हळ लागते, ते वेगळं लिहून घ्यावं लागतं. उतार पाच-दहा अंशांचाच ठेवतात म्हणून धूळ साचते, उन्हाळ्यात धुवायला माणूस वर कसा जाणार हे आधीच ठरवा. पाया खणताना ड्रेनेज, पाण्याची टाकी, केबल आडव्या येतात. आणि पार्किंग पोडियमवर, म्हणजे खालच्या मजल्याच्या स्लॅबवर असेल तर खणताच येत नाही, कॉलम खालच्या बीमवरच आणावे लागतात, तिथे स्ट्रक्चरल इंजिनियरशिवाय पान हलू देऊ नका. अग्निशमनची गाडी आत यायची वाट तर कुठल्याही परिस्थितीत मोकळीच हवी.

खरं सांगायचं तर आपल्या शहरांतल्या बहुतेक सोसायट्यांना या छपराची फारशी जागाच नाही, पार्किंग इमारतीखाली आणि उरलेला पट्टा दोन टॉवरच्या सावलीत. तिथे गच्चीच बरी. ही गोष्ट शोभते ती मॉल, हॉस्पिटल, कॉलेज, एसटी स्टँड अशा ठिकाणी जिथे दिवसभर शेकडो गाड्या उन्हात भाजत असतात. फ्रान्सने २०२३ मध्ये कायदाच केला की १५०० चौरस मीटरच्या वरच्या उघड्या पार्किंगचा निदान अर्धा भाग अशा छपरांनी झाकायचा, काही ठिकाणी सवलती ठेवून. आपल्याकडे कोची विमानतळाच्या पार्किंगवर अशी छपरं आहेत. पुण्या-मुंबईतल्या मोठ्या पार्किंगवर हे का दिसू नये, मला तर मनापासून वाटतं व्हावं.

याउलट आहे त्या शेडवर पॅनेल टाकणं योग्य ठरतं ते चाकण, बुटीबोरीसारख्या एमआयडीसीतल्या इंजिनियरने डिझाइन केलेल्या शेडांवर, ज्यांची ड्रॉइंगं हातात आहेत आणि भार तपासून बघता येतो. तिथे वेगळा सांगाडा उभारणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

गाडी खाली लावली की आपोआप चार्ज होते असाही एक समज आहे. तसं काही नसतं, वीज इन्व्हर्टरमधून नेट मीटरने, म्हणजे दिलेली आणि घेतलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरने, ग्रिडला जोडलेली असते, चार्जर वेगळा घ्यावा लागतो. पीएम सूर्यघर योजनेत हाउसिंग सोसायटीच्या कॉमन वापराला, त्यात गाड्यांचं चार्जिंगही आलं, किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात. ते पैसे पायाच्या कामात आणि पोलादात घाला. आणि कोटेशनवर सही करायच्या आधी स्ट्रक्चरल स्टॅबिलिटी सर्टिफिकेट मागा, त्यावर वाऱ्याचा कुठला वेग धरलाय तो आकडा लिहिलेला असायलाच हवा, मुंबईला ४४, पुण्याला ३९. वेंडर म्हणाला काम झाल्यावर देतो, तर ॲडव्हान्सही काम झाल्यावरच द्या.