जिंकलेलं शहर दहा टर्नमध्ये हातचं का जातं?

दिवाळीच्या सुट्टीत आलेला भाचा चिडला होता. ‘सिव्हिलायझेशन 6’ या साम्राज्य उभारायच्या कॉम्प्युटर गेममध्ये त्यानं शेजारच्या राजाचं एक शहर वेढा घालून घेतलं आणि दहाएक टर्नमध्ये (खेळातल्या पाळ्यांमध्ये) ते बंड करून मोकळं झालं. “मामा, कॉम्प्युटर चीटिंग करतो!”

चीटिंग नाही, भागाकार आहे.

2018 साली आलेल्या ‘राइज अँड फॉल’ या गेमच्या विस्तारात (जोडभागात) प्रत्येक शहराला 0 ते 100 अशी लॉयल्टी, म्हणजे निष्ठा, मिळाली. ती शून्यावर आली की शहर तुमचं राहत नाही. ती ठरते मुख्यतः आजूबाजूच्या माणसांवरून. प्रत्येक नागरिक 9 घरांपर्यंत (नकाशा षटकोनी घरांचा असतो) दाब टाकतो, आणि दर घरामागे हा दाब 10 टक्क्यांनी घटतो. तुमच्या नागरिकांचा दाब आपला, शेजाऱ्याच्या नागरिकांचा परका.

भाच्याचं उदाहरण जरा सोपं करून घेऊ. जिंकलेल्या शहराची लोकसंख्या 6. ते आता तुमचं असल्यामुळे तिथले लोक आपल्या बाजूला धरायचे: 6. तुमचं जवळचं शहर 7 घरांवर, लोकसंख्या 8, म्हणून 8 × 0.3 = 2.4. आपला दाब एकूण 8.4. शत्रूचं एक शहर 3 घरांवर, लोकसंख्या 10: दाब 7. दुसरं 5 घरांवर, लोकसंख्या 12: दाब 6. परका दाब 13.

आता खरी गंमत. दोन्हींतला फरक काढायचा, त्याला दोघांतल्या लहान आकड्यानं भागायचं आणि 10 नं गुणायचं. (भाजकात अर्धा मिळवतात, बहुधा शून्यानं भागायची वेळ येऊ नये म्हणून.) उत्तर, म्हणजे दर टर्नला निष्ठेत होणारा बदल, उणे 5 च्या आसपास येतं. म्हणजे निष्ठा 50 वर असेल तर दहा टर्नमध्ये खेळ खलास!

लहान आकड्यानं भागल्यामुळे काय होतं बघा. नुसता फरक मोजला जात नाही, गुणोत्तर मोजलं जातं. परका दाब आपल्या तिप्पट झाला की उणे 20, आणि त्यापुढे गेम हा आकडा वाढू देत नाही. तुमची संस्कृती ‘डार्क एज’मध्ये (गेममधल्या पडत्या काळात) असेल तर तुमच्या माणसांचा दाब निम्मा धरतात. 8.4 चे 4.2 झाले की तेच शहर टर्नला वीसच्या आसपास निष्ठा गमावतं. उलट ‘गोल्डन एज’मध्ये (भरभराटीच्या काळात) दीडपट धरतात: 12.6 विरुद्ध 13, जवळपास बरोबरी.

त्या शहरावर गव्हर्नर (कारभारी) नेमला की दर टर्नला 8 मिळतात, उणे पाचाचे अधिक तीन होतात. पण सगळ्यात मोठा फायदा 3 घरांवरचं शहरही लगेच घेण्यात आहे. त्याचा 7 दाब परक्यातून वजा होतो आणि आपल्यात जमाही होतो. लोकसंख्या तेवढीच धरली तर 15.4 विरुद्ध 6, टर्नला जवळजवळ अधिक पंधरा! एकटं शहर घेणं महागात पडतं, झुबका घेतला तर टिकतो.

ही कल्पना गेमवाल्यांच्या आधीची आहे. प्रिन्स्टनचे खगोलशास्त्रज्ञ जॉन क्यू. स्ट्युअर्ट यांनी 1940 च्या दशकात शहराचा प्रभाव ‘लोकसंख्या भागिले अंतर’ असा मांडला होता, थेट न्यूटनच्या गुरुत्वीय विभवासारखा. फरक इतकाच की त्यांचा प्रभाव कधीच पूर्ण शून्य होत नाही, गेममध्ये मात्र दहाव्या घरावर खट्‌कन संपतो.

‘अटकेपार झेंडे’ म्हणताना आपण विसरतो की 1758 ला पोचलेल्या मराठी फौजांच्या हातून पंजाब पुढच्याच वर्षी गेला. कारणं अनेक होती, सूत्र लावून त्यांचा निकाल लागणार नाही. पण अंतर त्यात होतंच.

जाता जाता: ‘या मालिकेतल्या पहिल्या गेममध्ये बग होता, म्हणून गांधीजी अणुबॉम्ब टाकायचे’ ही व्हॉट्सअॅपी दंतकथा भाच्यानंही ऐकवली. असा बग नव्हताच, हे खुद्द मालिकेचे जनक सिड मायर यांनी 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे. तरी फॉरवर्ड थांबत नाहीत.

काल भाच्याचा मेसेज आला: “मामा, तीन शहरं एकदम घेतली, गव्हर्नर बसवला. आणि डार्क एज सुरू झालं.”