पडदा केवढा, डोकी किती?

दोन तासांचा चित्रपट ३५ मिलिमीटरच्या फितीवर काढला, की ती फीत सव्वातीन किलोमीटर भरायची. मिनिटाला ९० फूट, म्हणजे १२० मिनिटांचे १०,८०० फूट. डब्यांसकट वजन २५ ते ३० किलो. पंचवीस प्रिंट काढायच्या तर पाऊण टन माल, लॅबमधली रसायनं आणि पाणी, आणि मग रेल्वेने, ट्रकने, एसटीने गावोगाव फिरणारे डबे. चित्रपट पहिल्याच आठवड्यात उतरला तरी हा सगळा खर्च होऊन गेलेला असायचा. २००५च्या सुमारास यूएफओ मूव्हीज, क्यूब यांच्यासारख्या कंपन्यांनी उपग्रहावरून आणि हार्ड डिस्कवरून चित्रपट पोचवायला सुरुवात केली आणि फितीचा हा संसार हळूहळू आवरला.

आता स्वतंत्र निर्माता चित्रपट थेट प्रेक्षकाच्या फोनवर पोचवतो. हे वितरण पर्यावरणाला कमी जाचक असतं का? बहुतेक वेळा असतं. पण ‘फीत आणि डबे गेले, आता नुसता डेटा जातो’ हे त्यामागचं जे कारण सांगितलं जातं ते चुकीचं असतं, आणि चुकीच्या कारणावर विश्वास ठेवला की काटकसरही भलत्याच ठिकाणी होते.

गोंधळ आकड्यांपासून सुरू होतो. २०१९ मध्ये फ्रान्समधल्या ‘द शिफ्ट प्रोजेक्ट’ या संस्थेच्या हवाल्याने एक आकडा जगभर छापून आला: अर्धा तास ऑनलाइन व्हिडिओ पाहिला की १.६ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सहा-सव्वासहा किलोमीटर मोटार चालवल्याइतका. पुढच्या वर्षी संस्थेने चूक सुधारली. गणितात बिट आणि बाइट यांची गल्लत झाली होती. एका बाइटमध्ये आठ बिट, त्यामुळे उत्तर आठपट फुगलं होतं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२० मध्ये केलेला अंदाज तर त्याहून खूप खाली आला. तासाला सुमारे ०.०७७ युनिट वीज आणि जागतिक सरासरीने ३६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. ब्रिटनच्या कार्बन ट्रस्ट या संस्थेने २०२१ मध्ये युरोपसाठी तासाला सुमारे ५५ ग्रॅम असा आकडा काढला. भारतात एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. तो धरला तर ०.०७७ युनिटांचेही साधारण ५४ ग्रॅम होतात.

या ०.०७७ युनिटांची वाटणी एकूण आकड्यापेक्षा महत्त्वाची आहे. ऊर्जा संस्थेच्या हिशेबात ७२ टक्के वीज पाहणाऱ्याच्या उपकरणात जाते, २३ टक्के इंटरनेटच्या जाळ्यात आणि जेमतेम ५ टक्के डेटा सेंटरमध्ये. ‘क्लाउड’ म्हटलं की डोळ्यांसमोर थंड हवेत घरघरणारी कपाटं येतात, पण चित्रपटाची बहुतेक वीज घरातल्या भिंतीवरचा टीव्हीच पितो. ५० इंची एलईडी टीव्ही फोनच्या शंभरपट आणि लॅपटॉपच्या पाचपट वीज घेतो.

जाळ्याचं गणित समजायला एसटीची गाडी उपयोगी पडते. साताऱ्याहून सुटलेल्या गाडीत दहा माणसं असोत की चाळीस, डिझेल जवळपास तेवढंच लागतं. मोबाइल टॉवर, फायबरची यंत्रणा आणि घरातला राउटर यांचंही तसंच आहे. तुम्ही काही पाहत नसलात तरी ती चालू असतात आणि डेटा वाढला म्हणून त्यांची वीज त्या प्रमाणात वाढत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागल्यावर भारतातल्या मोठ्या व्हिडिओ कंपन्यांनी मोबाइलवरचा दर्जा ४८०पीपर्यंत खाली आणला. त्यातून जाळ्यावरची गर्दी कमी झाली, विजेची बचत मात्र त्या मानाने किरकोळ. अर्थात, गर्दी रोजचीच झाली की महामंडळाला जादा गाडी काढावी लागते. संध्याकाळी आठ ते अकराच्या गर्दीने नवी यंत्रणा बसवायला भाग पाडलं, तर तिचा भार खराच. म्हणून ‘एका जीबीला इतके ग्रॅम’ असा ठोक भाव लावणारे तक्ते जरा जपूनच वाचावेत.

जाळं कोणतं, यानेही फरक पडतो. जर्मनीच्या पर्यावरण खात्याने २०२० मध्ये एक तासाच्या एचडी व्हिडिओसाठी डेटा सेंटर आणि जाळं मिळून मोजणी केली. फायबरवर २ ग्रॅम, तांब्याच्या तारेवर ४, फोर-जीवर १३ आणि थ्री-जीवर ९० ग्रॅम. आकडे तिथल्या विजेचे आहेत, पण त्यांच्यातलं प्रमाण लक्षात ठेवण्याजोगं आहे.

आता घरचा हिशेब. ४३ इंची टीव्ही ८० वॅट धरा. दोन तासांना ०.१६ युनिट, म्हणजे ११२ ग्रॅम. दहा वॅटचा राउटर दोन तासांत १४ ग्रॅमची भर घालतो. फोर-जीवर फोन असेल तर जर्मनीचे दोन तासांचे २६ ग्रॅम आपल्या विजेच्या हिशेबाने चाळीस-पन्नास होतील आणि फोनचे स्वतःचे दोन-तीन ग्रॅम. शिवाय टीव्हीसमोर चौघं बसले, तर ११२ला चाराने भागायचं.

चित्रपटगृहाचा प्रोजेक्टर २ ते ६ किलोवॅटचा दिवा जाळतो आणि वातानुकूलन त्याहून जास्त खातं. एका पडद्याचं मिळून २० किलोवॅट धरू. दोन तासांचे ४० युनिट, म्हणजे २८ किलो कार्बन डायऑक्साइड. खुर्च्यांवर २५० माणसं असतील तर माणशी ११२ ग्रॅम, घरी एकट्याने टीव्हीवर पाहिल्याइतकेच. पण स्वतंत्र चित्रपटाच्या वाट्याला सहसा दुपारचा आडवेळेचा खेळ येतो. बारा माणसं बसली तर माणशी सव्वादोन किलोच्या वर. वीज तीच, चित्रपट तोच, भागणारी डोकी तेवढी बदलली.

आणि यात अजून प्रवास धरलेलाच नाही. गावापासून तालुक्याचं थिएटर वीस किलोमीटर, जाऊन-येऊन चाळीस. पन्नासचा अॅव्हरेज देणारी मोटरसायकल किलोमीटरला ४६ ग्रॅम सोडते, म्हणजे फेरीचे १.८ किलो. डबलसीट गेलात तर माणशी ०.९. पंधराचा अॅव्हरेज देणाऱ्या मोटारीने गेलात तर सहा किलो. हे आकडे घरच्या टीव्हीला सहज मागे टाकतात. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संशोधकांना २०१४ मध्ये अमेरिकेत हेच दिसलं. डीव्हीडीपेक्षा स्ट्रीमिंग हलकं ठरलं, पण फरक मुख्यतः दुकानापर्यंत नेलेल्या मोटारीचा होता. टपालाने आलेली डीव्हीडी स्ट्रीमिंगच्या जवळपासच होती.

मग निर्मात्याच्या हातात काय उरतं? फाइल. तिच्यातून थेट वाचणारी वीज थोडी असते, तरी हे काम नीट करण्यासारखं आहे. कारण चुकलेली फाइल पुन्हा बनवावी लागते, पुन्हा चढवावी लागते, आणि अडखळणाऱ्या चित्रपटाला कंटाळून प्रेक्षक निघून जातो.

दोन तासांच्या चित्रपटासाठी एच.२६४ या कोडेकमध्ये (व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धतीत) चार पायऱ्या, म्हणजे कमी-जास्त दर्जाच्या चार फाइली, पुरतात. १०८०पी ५ एमबीपीएसच्या बिटरेटवर (सेकंदाला ५ मेगाबिट) म्हणजे ४.५ जीबी. ७२०पी २.८वर, अडीच जीबी. ४८०पी १.१वर, एक जीबी. ३६०पी ०.६वर, साडेपाचशे एमबीच्या आत. यातली ४८०पीची पायरी सर्वांत मन लावून तपासावी. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये बसणारी सर्वांत वरची पायरी तीच, आणि अर्धा चित्रपट संपताच डेटा संपलेला प्रेक्षक परत येतोच असं नाही. एन्कोड करताना, म्हणजे फाइल बनवताना, सीआरएफ (दर्जा सारखा ठेवणारा आकडा) २१च्या आसपास ठेवून वर कमाल बिटरेटची मर्यादा घालावी. नुसता ठरावीक बिटरेट दिला, तर शांत संवादाच्या दृश्यावर बिट उधळले जातात आणि पावसाच्या दृश्यात चौकोन उमटतात.

की-फ्रेम, म्हणजे स्वतःपुरतं पूर्ण साठवलेलं चित्र, दर दोन सेकंदांनी, २४ फ्रेमच्या चित्रपटात दर ४८व्या फ्रेमला, आणि सगळ्या पायऱ्यांत अगदी एकाच जागी. दृश्य बदललं की आपोआप की-फ्रेम टाकण्याची सोय बंद ठेवावी. नाहीतर जाळं कमजोर होऊन प्लेअर खालच्या पायरीवर उतरतो तेव्हा चित्र अडखळतं. आणखी एक जुनं दुखणं आहे, २४ आणि २३.९७६ यांची सरमिसळ. फरक हजारात एकाचा, पण दोन तासांच्या शेवटी आवाज चित्रापासून सव्वासात सेकंद दूर गेलेला असतो. पहिली पाच मिनिटं पाहून ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्याला तो सापडत नाही. शेवटची पाच मिनिटं पाहावीत.

उपशीर्षकं चित्रावर कोरू नयेत. मराठी, हिंदी, इंग्रजी अशी तीन कोरली, की चार पायऱ्यांच्या बारा फाइली होतात. वेगळी ठेवलेली उपशीर्षकाची फाइल शंभर-दोनशे केबीचीही क्वचितच भरते. ती यूटीएफ-८ या युनिकोड मांडणीतच जतन करावी, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. एखाद्या जुन्या टीव्हीवर ‘र्‍य’, ‘द्ध्य’ अशी जोडाक्षरं सुटी पडतात का, तेही पाहून घ्यावं.

फाइल फुगण्याचं सर्वांत मोठं कारण मात्र चित्रीकरणातच पेरलेलं असतं. कमी उजेडात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ३२००च्या वर नेऊन रात्रीची दृश्यं घेतली की अंधाऱ्या भागात रव्यासारखे कण उठतात. कोडेकला प्रत्येक कण हालचालच वाटतो आणि तितक्याच दर्जासाठी तो दुप्पटही बिट मागतो. एन्कोडच्या आधी हे कण पुसणारा हलकासा डी-नॉइज द्यावा. जास्त दिला तर चेहरे मेणाचे होतात आणि आकाशात पट्टे दिसू लागतात. दोन दिवे जास्त लावणं यापेक्षा स्वस्त पडतं.

नवा एव्ही१ कोडेक फाइल तिसऱ्या हिश्शाने लहान करू शकतो, म्हणून सगळीकडे त्याची शिफारस होते. स्वतंत्र निर्मात्याने इथे जरा थांबून भागाकार करावा. दोन तासांत १,७२,८०० फ्रेम असतात. संथ प्रीसेटवर (आधीच ठरवलेल्या सेटिंगवर) घरचा संगणक सेकंदाला एक फ्रेम काढत असेल, तर ४८ तास लागतील. १५० वॅटने ७.२ युनिट. प्रत्येक पाहण्यामागे दीड जीबी वाचला आणि जीबीला ०.०१ युनिट असा सरासरी भाव लावला, तरी ही वीज भरून यायला ४८० प्रेक्षक लागतात. आणि जाळ्याची वीज डेटाच्या प्रमाणात घटत नाही, हे वर आलंच आहे. कोटींनी पाहिलं जाणाऱ्या चित्रपटाला एव्ही१ परवडतो. तीनशे जण पाहणार असतील तर एच.२६४ पुरे. त्यातून जुन्या फोनमध्ये एव्ही१ उलगडणारी चिप नसते. तो प्रोसेसरवर उलगडावा लागतो, फोन तापतो आणि बॅटरी भराभर उतरते.

एचडीआरचंही, म्हणजे जास्त झगझगीत उजेड दाखवणाऱ्या चित्राचंही, असंच. अमेरिकेतल्या एनआरडीसी या पर्यावरण संस्थेच्या २०१५च्या चाचण्यांत एचडीआर आवृत्ती दाखवताना टीव्हीची वीज जवळपास दीडपटीपर्यंत गेली. गोष्टीला त्या झगमगाटाची गरज नसेल तर साध्या एसडीआरमध्ये कुणाचंच अडत नाही. गंमत म्हणजे ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो त्या ओएलईडी पडद्यावर काळ्या ठिपक्याला जवळजवळ वीज लागत नाही, त्यामुळे अंधाऱ्या चित्रपटाचं बिल खरंच कमी येतं.

महोत्सवांचा मामला थोडा वेगळा. तिथे डीसीपी (चित्रपटगृहाच्या प्रोजेक्टरसाठीचा फाइलींचा संच) लागतं, आणि २५० एमबीपीएसच्या कमाल दराने दोन तासांचे २२५ जीबी होतात. पेटीसह दोन किलोची डिस्क मुंबईहून बर्लिनला विमानाने धाडली, तर अंतर साधारण ६,३०० किलोमीटर. हवाई मालवाहतुकीचा टन-किलोमीटरला (एक टन माल एक किलोमीटर न्यायला) ०.६ ते १ किलो हा दर धरला तर ८ ते १३ किलो कार्बन डायऑक्साइड, आणि डिस्क परत मागवली तर दुप्पट. तेच २२५ जीबी जाळ्यावरून पाठवले तर वरच्याच ०.०१च्या भावाने सव्वादोन युनिट, दीड-पावणेदोन किलो. चाळीस एमबीपीएसचा अपलोड असेल तर साडेबारा तास लागतात. रात्री लावावं, पण तुटलेलं अपलोड जिथे थांबलं तिथूनच पुढे सुरू करणारं साधन वापरावं. ऐंशी टक्क्यांवर वीज गेली आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात झाली, की सगळी बचत गेली. पोचल्यावर चेकसम (फाइल जशीच्या तशी पोचली का हे सांगणारी खूण) जुळवून घ्यावी. डीसीपीतली चित्राची किंवा आवाजाची एक एमएक्सएफ फाइल अर्धवट उतरलेली असली तरी फोल्डर वरून पूर्णच दिसतं.

वितरणाचा हा सगळा पसारा चित्रीकरणापुढे मात्र लहान आहे. ब्रिटनमधल्या २०२०च्या एका अहवालात बिग बजेट चित्रपटाचं सरासरी उत्सर्जन २,८४० टन निघालं. आपल्याकडच्या छोट्या चित्रपटाचा आवाका त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, पण एक लिटर डिझेल जाळलं की २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो हे इथेही तसंच आहे. लोकेशनवर दिवसभर धडधडणारा जनरेटर तासाला पाच लिटर पीत असेल तर दहा तासांचे १३५ किलो. एका प्रेक्षकाचे घरच्या टीव्ही आणि राउटरचे १२६ ग्रॅम धरले, तर हजारभर जणांनी चित्रपट पाहिल्याइतके.

डोक्यांचा भागाकार सर्वांत चांगला जमतो तो फिल्म सोसायटीच्या किंवा गावच्या वाचनालयाच्या खेळात. ३०० वॅटचा प्रोजेक्टर, पांढरी भिंत, चाळीस माणसं, आणि सगळी पायी आलेली. फाइल आदल्या रात्री उतरवून घ्यावी, म्हणजे ऐन वेळी जाळं रुसत नाही. १०८०पी पुरेसं आहे, बारा फुटी पडद्यावर मागच्या रांगेतून ४केचा फरक दिसत नाही. उपशीर्षकांची फाइल त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाने ठेवावी आणि प्रोजेक्टरचा कमी विजेचा इको मोड लावून एकदा अंधार करून पाहावं. दोन तासांचे ०.६ युनिट, ४२० ग्रॅम. माणशी साडेदहा. पंख्यांची वीज वेगळी.