माणदेशाचा पाऊस पूर्वेकडून येतो

महाबळेश्वरात वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला सुमारे 100 किलोमीटरवर असलेल्या माण तालुक्यातल्या दहिवडीला मिळतो जेमतेम पाचशेच्या आसपास.

समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्री चढताना थंड होते आणि बहुतेक पाणी घाटमाथ्यावरच सांडते. पलीकडे उतरताना तीच हवा दर 100 मीटरला सुमारे 1 अंशाने तापते, तसे ढग विरू लागतात. म्हणून जुलैत माणमध्ये आभाळ भरलेलं दिसतं, वारा टोपी उडवतो आणि पाऊस मात्र भुरभुरीपुढे जात नाही. ते ढग बुटके असतात. कोयना धरण भरल्याच्या बातम्यांवरून इथल्या पेरणीचा अंदाज बांधणाऱ्याची फसगत ठरलेली.

इथला खरा पाऊस सप्टेंबरात, उत्तरा-हस्त नक्षत्रांना. पश्चिमेचा वारा मंदावतो, बंगालच्या उपसागराकडून ओल येते, दुपारपर्यंत जमीन तापते आणि ढग उंच चढतात. संध्याकाळी विजांसह तासाभरात 50 मिलिमीटरही पडून जातो. असा ढग काही किलोमीटरच रुंद असतो, त्यामुळे एका गावात ओढा वाहतो आणि शेजारच्या गावात धूळ उडते. तालुक्याची सरासरी अशा वेळी फारशी कामाची नाही. शिवारात स्वतःचं पर्जन्यमापक हवं. ते झाड किंवा भिंतीच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर ठेवावं आणि रोज सकाळी साडेआठला वाचावं. अडीच मिलिमीटरच्या खालचा दिवस हवामान खातं पावसाळी धरत नाही.

एका एकरावर 1 मिलिमीटर म्हणजे सुमारे 4,000 लिटर. त्या 50 मिलिमीटरचे झाले 2 लाख लिटर! वीतभर मातीखाली मुरूम असलेल्या माळाला ते तासाभरात पेलत नाहीत. पाणी माती घेऊन ओढ्याला लागतं. तिथे बाजरी, मटकी, हुलगा बरा. खोल काळ्या रानात मात्र हीच ओल रब्बी ज्वारीला माघ-फाल्गुनापर्यंत पुरू शकते, अट एवढीच की उन्हाळ्यात उताराला आडवी नांगरट झालेली हवी आणि बांध फुटलेले नकोत.

साठलेली ओल दोन वाटांनी जाते, तणांतून आणि भेगांतून. कोळपणी म्हणजे पिकाच्या ओळींमधली वरची माती कोळप्याने हलवणं. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ असं म्हणतात ते त्यासाठीच. ज्वारी तीन आठवड्यांची झाली की फटीच्या (पात्यात मधे फट असलेल्या) कोळप्याने पहिली पाळी, पाचव्या आठवड्यात पासेच्या (अखंड पात्याच्या) कोळप्याने दुसरी. तिसरी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने, आणि नेमकी हीच टाळली जाते, कारण तोवर तण उरलेलं नसतं. पण जमीन तेव्हाच भेगाळू लागते. दातेऱ्याने निघालेली भुसभुशीत माती त्या भेगांत पडते आणि वर कोरडा थर राहतो, म्हणून खालची ओल वर येऊन उडत नाही.