कोवळ्या उन्हामागून आलेली हिमवादळं

अमेरिकेतल्या हिवाळ्याच्या बातम्या वाचताना दरवर्षी एक कोडं पडतं. एका राज्यात गुडघाभर बर्फ, विमानं रद्द, वीज गेलेली. त्याच दिवशी दुसऱ्या राज्यात लोक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरताहेत. आपण या दोन बातम्या वेगवेगळ्या वाचतो. पण त्या देशाचा जुना इतिहास उघडला की ऊब आणि वादळ एकमेकांचा हात धरूनच येताना दिसतात. कितीतरी माणसांचा घात थंडीने केला, तितकाच तिच्या आधीच्या सुखद सकाळीनेही केला.

याचं मूळ भूगोलात आहे. भारताच्या डोक्यावर हिमालय आडवा उभा आहे, म्हणून उत्तरेची बोचरी हवा सरळ खाली उतरत नाही. अमेरिकेतले रॉकी पर्वत उत्तर-दक्षिण पसरलेले. त्यांच्या पूर्वेला मोकळी मैदानं. कॅनडाकडून गोठलेली कोरडी हवा विनाअडथळा टेक्सासपर्यंत घसरते आणि मेक्सिकोच्या आखाताकडून उबदार, बाष्पाने भरलेली हवा तितक्याच सहज वर चढते. दोन्ही जिथे भिडतात तिथे कमी दाबाचं क्षेत्र खोल होत जातं. अशा क्षेत्राच्या पुढच्या बाजूला दक्षिणेचे वारे वाहतात, म्हणून वादळापूर्वी हवा हटकून उबदार होते. मागची बाजू आली की पारा कोसळतो.

१२ जानेवारी १८८८ची सकाळ अशीच होती. डकोटा, नेब्रास्का, मिनेसोटा या भागात कित्येक दिवस कडाक्याची थंडी होती आणि त्या दिवशी एकदम हवा मऊ झाली. मुलं जाड कोट घरीच ठेवून शाळेत गेली, बापे गुरं घेऊन बाहेर पडले. मग वायव्येकडून पांढरी भिंत आली. पिठासारखा बारीक बर्फ, समोर धरलेला स्वतःचा हात दिसेना. रात्री अनेक ठिकाणी पारा उणे ३० अंश सेल्सिअसच्या आसपास गेला. २३५ माणसं गेल्याचा अंदाज आजही दिला जातो. त्यांत शाळेतून घरी निघालेली मुलं इतकी होती की हे वादळ ‘शाळकरी मुलांचं वादळ’ म्हणूनच ओळखलं जातं. नेब्रास्कातल्या मिनी फ्रीमन या तरुण शिक्षिकेने आपल्या विद्यार्थ्यांना सुखरूप शेतघरापर्यंत नेलं. तिने सगळ्यांना एका दोरीला बांधलं होतं ही गोष्ट पुढे फार गाजली. ती खरी की रचलेली यावर वाद आहे. मुलं वाचली, यावर नाही.

त्या वेळी हवामानाचा अंदाज देण्याचं काम लष्कराच्या सिग्नल विभागाकडे होतं. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी १८७०मध्ये त्याला मंजुरी दिली होती. थंडीची लाट येणार असली की पांढऱ्या झेंड्याच्या मधोमध काळा चौकोन, असा झेंडा चढवायचा. पण झेंडा लागणार तारघर असलेल्या गावात. मैलोन्‌मैल पसरलेल्या शेतांवर तो दिसणार कुणाला? दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, न्यूयॉर्कवर दुसरं हिमवादळ कोसळलं. तिथेही आधी हवा उबदार होती, पाऊस पडत होता आणि रात्रीत त्याचा बर्फ झाला. तारांचं जाळं जमीनदोस्त झालं. तारा आणि रेल्वे जमिनीखाली न्यायला हव्यात, हा आग्रह त्यानंतर जोर धरू लागला. १८९१मध्ये हवामानाचं काम लष्कराकडून काढून नागरी खात्याला दिलं गेलं.

ही उलथापालथ किती झपाट्याने होते त्याचा दाखला ओक्लाहोमा सिटीत आहे. ११ नोव्हेंबर १९११ला तिथे दुपारी सुमारे २८ अंश सेल्सिअस होतं आणि मध्यरात्रीपर्यंत उणे ८. त्या तारखेचा उच्चांक आणि नीचांक, दोन्ही एकाच दिवसाचे.

मला मात्र सर्वांत जास्त हेलावतं ते ११ नोव्हेंबर १९४०. पहिल्या महायुद्धाच्या शस्त्रसंधीच्या स्मरणदिनाची सुट्टी होती. सकाळ वसंतासारखी. मिनेसोटा-विस्कॉन्सिनच्या सीमेवर, मिसिसिपी नदीतल्या बेटांवर शेकडो जण पातळ जॅकेट घालून बदकांच्या शिकारीला गेले. आकाश बदकांनी भरून गेलं. इतकी बदकं कुणी पाहिली नव्हती, म्हणून कुणाचा पाय निघेना. पक्षी वादळापुढे पळत होते, हे कळेपर्यंत उशीर झाला. लाटांनी बेटं बुडवली, भिजलेले कपडे अंगावरच गोठले. विनोना गावचा वैमानिक मॅक्स कॉनरॅड छोट्या विमानातून अडकलेल्यांसाठी खाण्याचे डबे टाकत फिरला. मिशिगन सरोवरात जहाजं बुडाली. एकूण दीडशेच्या आसपास माणसं गेली. त्या भागाचे अंदाज शिकागोहून येत आणि तिथलं कार्यालय रात्री बंद असे. यानंतर ते चोवीस तास चालू ठेवलं गेलं आणि मिनेसोटाच्या कार्यालयाला स्वतःचे अंदाज देण्याची मुभा मिळाली.

पुढे संगणक आले. मार्च १९९३चं पूर्व किनाऱ्यावरचं महावादळ सुमारे पाच दिवस आधी ओळखता आलं आणि बर्फ पडायच्या आतच काही राज्यांनी आणीबाणी जाहीर केली. हा फार मोठा पल्ला होता.

हिवाळे आता एकंदरीत उबदार होत चालले आहेत, पण त्याने वादळं संपत नाहीत. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. डिसेंबर २०१५ अमेरिकेतला तोवरचा सर्वांत उबदार डिसेंबर. नाताळच्या आदल्या दिवशी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात २२ अंश होतं. महिन्याभरात त्याच पार्कात एकाच वादळात सुमारे ७० सेंटिमीटर बर्फ पडला, नोंदींतला सर्वांत मोठा. आर्क्टिक तापल्यामुळे थंड हवेचे लोट वाढताहेत का, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

आणि डिसेंबर २०२२चं, न्यूयॉर्क राज्यातलं बफेलो शहर. वादळाचा इशारा कित्येक दिवस आधीच दिलेला होता. २३ तारखेच्या पहाटे हवा गोठणबिंदूच्या वर होती, पाऊस पडत होता, रस्ते मोकळे होते. वाहनबंदी लागू झाली तोवर सकाळचे साडेनऊ वाजले होते. अनेक जण केव्हाच कामावर निघाले होते.