इतिहासलेखन (सोलापूरच्या संदर्भात)

उपलब्ध साधने तपासून भूतकाळाचा शोध घेणे आणि त्याचा अर्थ लावणे म्हणजे इतिहासलेखन. ‘इति-ह-आस’ म्हणजे ‘असे असे झाले’. पण हे कशावरून, असे विचारल्याशिवाय इतिहास सुरूच होत नाही. मराठीत हा आग्रह सर्वांत कडकपणे धरला तो वि. का. राजवाडे यांनी. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड काढताना त्यांनी बखरींपेक्षा अस्सल पत्रांना मान दिला.

सोलापूर म्हणजे सोळा गावांचे पूर, हे इथल्या बहुतेकांनी लहानपणीच ऐकलेले असते. शिलालेख मात्र वेगळे सांगतात. बाराव्या शतकातल्या संत सिद्धरामेश्वरांचे हे गाव तेव्हा ‘सोन्नलगे’ म्हणून ओळखले जाई. मोहोळ तालुक्यातील कामतीच्या शके १२३८ च्या लेखात ‘सोनलीपूर’ आहे, तर सोलापूरच्या किल्ल्यातील एका लेखात ‘सोनलपूर’. म्हणजे सोळा गावांची व्युत्पत्ती मागाहून जुळवलेली दिसते. तरीही ती टाकून देऊ नये. कन्नड वळणाचे जुने नाव विसरलेल्या लोकांनी त्याचा मराठी अर्थ कसा लावला, याचा ती स्वतःच पुरावा आहे.

दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग-कुडल येथे शके ९४० (इ. स. १०१८) चा शिलालेख आहे. ‘वाछि तो विजेया होइवा’, म्हणजे वाचील तो विजयी होईल, ही त्यातली मराठी ओळ. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी ती अभ्यासकांपुढे आणली. असा लेख नुसत्या डोळ्यांनी वाचून भागत नाही. दगड ब्रशने धुवायचा, त्यावर ओला कागद बसवायचा, अक्षरांच्या खाचांत तो जाईपर्यंत ब्रशने ठोकायचे आणि मग शाईचा बोळा फिरवायचा. ठशावर अक्षरे पांढरी उमटतात. एखादा अंक झिजलेला असला तर शतक बदलू शकते, म्हणून ‘पहिला मराठी शिलालेख कोणता’ हा वाद रायगड जिल्ह्यातील अक्षीसारख्या लेखांतील शकाच्या वाचनापाशी येऊन थांबतो.

इतिहास कोण आणि कशासाठी लिहितो, हा प्रश्न १९३० पाशी अधिक बोचतो. गांधीजींच्या अटकेनंतर मे महिन्यात शहर पेटले, गोळीबार झाला, चौक्या जळल्या आणि १२ मेपासून मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. सरकारी कागदांना हा दंगा होता. सोलापूरकर अजूनही अभिमानाने सांगतात, की मार्शल लॉ येण्यापूर्वीचे ते काही दिवस आम्ही स्वतंत्र होतो. दप्तर राखणारा राज्यकर्ता असतो आणि आठवण राखणारे हुतात्म्यांचे गाव. दोघांनाही तोच ‘कशावरून’ विचारावा लागतो. हुतात्म्यांबद्दल आदर असलेल्यानेच हे काम अधिक काटेकोरपणे करायला हवे, कारण खोटी भर पडली की खऱ्याही गोष्टीवर संशय येतो.

गिरणगावाचा इतिहास अजून पुष्कळ लिहायचा आहे. जुनी मिल, लक्ष्मी आणि विष्णू मिल यांची कंपनीची कागदपत्रे मालकांच्या बाजूची; साचेवाल्याची (मागावर काम करणाऱ्याची) किंवा विडी वळणाऱ्या बाईची बाजू तोंडीच राहिली. संपाची तारीख विचारली तर म्हातारा कामगार चुकू शकतो. खात्यात शेजारी कोण उभे असायचे, पगारातून काय कापले जाई, हे तो सहसा विसरत नाही. त्यामुळे या मुलाखती तेलुगू, कन्नड, उर्दू किंवा मराठी, ज्या भाषेत सांगितल्या गेल्या त्याच भाषेत आधी उतरवून ठेवाव्यात आणि भाषांतर मागाहून करावे.