पंख्याचा रेग्युलेटर गिअरच्या दांड्यात

रविवारी सकाळी साडेसहाला नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर सायकलवाले आणि आम्ही, एवढेच होतो. नेरूळच्या एका ओळखीच्या काकांची १९८२ सालची पोर्शे ९११ एससी, आणि शेजारच्या सीटवर अंग चोरून बसलेला मी. सिग्नल सुटला तसा काकांनी पहिला टाकला, दुसरा टाकला, तिसरा टाकला आणि तिथेच थांबले. वेग साठ. मागून इंजिनाचा खरखरीत, कोरडा आवाज. माझ्या हॅचबॅकमध्ये एव्हाना डॅशबोर्डवरचा बाण लुकलुकायला लागला असता: वरचा गिअर टाका, पेट्रोल वाचवा. न राहवून विचारलं, "काका, चौथा-पाचवा पडत नाही का?"

"पडतो की. पण पाचवा टाकला की पंखा झोपतो."

मी मेकॅनिकल शिकलेला माणूस, तरी हे वाक्य डोक्यात बसायला वाशीपासून किल्ले गावठाणापर्यंतचा रस्ता लागला. बसलं तेव्हा आठवली ती आमच्या वडिलांची चेतक स्कूटर.

जुनी चेतक आणि ९११ यांची तुलना केली तर दोन्हीकडचे शौकीन चिडतील, पण थंड राहण्याच्या बाबतीत ही दोघं एकाच घराण्यातली. दोघींतही रेडिएटर नाही, पाणी नाही. सिलिंडरभोवती धातूच्या पातळ पाकळ्या, त्यांना आपण फिन्स म्हणतो, आणि त्यांवर वारा मारणारा एक पंखा. चेतकमध्ये तो फ्लायव्हीलवरच, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकावरच, बसवलेला असतो आणि वारा इकडेतिकडे जाऊ नये म्हणून वर पत्र्याचं झाकण. ९११ मध्ये इंजिनाच्या डोक्यावर मोठा गोल पंखा, क्रँकशाफ्टवरून, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्यावरून, पट्ट्याने फिरणारा. जुन्या रिक्षांची इंजिनंही अशाच पंख्यावर जगली. हवेवरच्या मोटारसायकलला पंख्याची गरज नसते, कारण तिचं इंजिन उघड्यावर असतं आणि समोरून वारा फुकट मिळतो. स्कूटर आणि रिक्षाचं इंजिन पत्र्याआड, ९११ चं तर गाडीच्या पार शेपटाकडे. तिथे वारा आणून द्यावा लागतो.

आता मेख अशी, की हा पंखा इंजिनाला बांधलेला आहे. इंजिन मिनिटाला हजार फेरे घेत असेल तर पंख्याचा वारा एक पट, तीन हजार घेत असेल तर साधारण तिप्पट. गाडी किती वेगाने धावते आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आजच्या गाड्यांत पाणी फिरवणारा पंप, थर्मोस्टॅट आणि विजेवरचा पंखा हे सगळं परस्पर सांभाळतात. तुम्ही कुठलाही गिअर टाका, तापमानाचा काटा मध्यावर. एअर-कूल्ड गाडीत मात्र गिअरचा दांडा हलवला की पंख्याचा रेग्युलेटरही हलतो, आणि तो हलवणारे तुम्हीच असता.

हवेचा धंदा मुळातच तोट्याचा. तेवढ्याच आकारमानाचं पाणी एका अंशाने तापताना हवेच्या सुमारे साडेतीन हजारपट उष्णता पोटात घेतं. म्हणून हवेने थंड करायचं तर हवा भरपूर लागते. पण तिची एक बाजू जमेची आहे आणि ती आपल्या मे महिन्यात उपयोगी पडते. उष्णता किती वेगाने बाहेर जाईल हे दोन तापमानांतल्या फरकावर ठरतं. रेडिएटरमधलं पाणी समजा ९५ अंशांवर आहे. बाहेर २० अंश असेल तर फरक ७५, आणि ठाण्यातल्या उन्हाळी दुपारी ४० असेल तर फरक ५५. म्हणजे थंड होण्याची ताकद चौथ्या हिश्श्याहून जास्त घटली. एअर-कूल्ड इंजिनाचं सिलिंडर हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, मात्र २०० अंशांच्या आसपास तापलेलं असू शकतं. तिथे फरक १८० वरून १६० वर येतो, घट जेमतेम नववा हिस्सा. "हवेवरची गाडी आपल्या उन्हाळ्यात टिकत नाही" असं छातीठोक सांगणारे भेटतात, त्यांना हे गणित दाखवावं. बिघडवतो तो उन्हाळा कमी आणि चालवणारा जास्त.

९११ ला पुरती एअर-कूल्ड म्हणणंही थोडं अन्यायाचं आहे. तिची बरीच उष्णता तेल वाहून नेतं. एससीमध्ये दहा लिटरहून जास्त तेल असतं, मागच्या उजव्या चाकापाशी त्याची वेगळी टाकी, आणि पुढच्या उजव्या मडगार्डमध्ये ते थंड करायची सोय. डॅशबोर्डवर पाच गोल घड्याळं. त्यांतलं सर्वांत मोठं, बरोबर मध्ये, आरपीएमचं, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांचं. वेगाचं त्याच्या उजवीकडे, दुय्यम मानाने. डावीकडे तेलाचं तापमान आणि दाब. १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा मांडली तेव्हा तिचं नाव ९०१ होतं. मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोने हक्क सांगितला, म्हणून ती ९११ झाली. त्यानंतर १९९८ पर्यंत इंजिन हवेवरच राहिलं, आणि आरपीएमचं घड्याळही मध्येच राहिलं. चालकाने आधी काय बघावं हे त्या मांडणीतच सांगून टाकलेलं आहे.

आता चढाकडे वळू, कारण खरी परीक्षा तिथे. ठाण्यात पोखरण रोड संपवून उपवनच्या बाजूने येऊरला चढायला लागलं की वळणं आणि चढ एकदमच येतात. तिथल्या चढाचा नेमका आकडा बाजूला ठेवू. हिशेबापुरतं दर शंभर मीटरला आठ मीटर चढ धरू. एससीचं वजन ११६० किलो, त्यात दोन माणसं आणि पेट्रोल मिळून १३०० धरा. वेग ताशी ४०. एवढं वजन एवढ्या वेगाने वर न्यायला, हवेचा आणि टायरचा अडथळा जमेस धरून, सुमारे १४ किलोवॉट लागतात. हे १४ किलोवॉट कुठल्याही गिअरमध्ये तेवढेच. डोंगराला तुमच्या गिअरशी काय करायचंय?

पण इंजिनाला फरक पडतो. या गाडीत पहिल्या चार गिअरची प्रमाणं साधारण ३.१८, १.८३, १.२६ आणि १. ताशी ४० ला चौथ्यात इंजिन मिनिटाला सुमारे १३०० फेरे घेतं, दुसऱ्यात सुमारे २४००. तेवढीच शक्ती १३०० फेऱ्यांत काढायची तर प्रत्येक फेऱ्यात जोर जास्त लागणार: चौथ्यात टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सुमारे १०० न्यूटन-मीटर, दुसऱ्यात ५५. म्हणजे चौथ्यात चढणाऱ्या गाडीच्या सिलिंडरमध्ये प्रत्येक स्फोटाचा दाब जवळजवळ दुप्पट, आणि त्यावर वारा घालणारा पंखा जवळजवळ अर्धा. उष्णता तीच, वारा निम्मा, मार दुप्पट.

गाडीला जड गिअरमध्ये असं रेटलं की आणखी दोन गोष्टी होतात. पिस्टन हळू चालत असल्यामुळे पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबाखाली आणि उष्णतेत जास्त वेळ राहतं. स्पार्क प्लगच्या ज्योतीची वाट न पाहता कोपऱ्यातलं मिश्रण आपणच पेटतं, आणि आतून टिकटिक, खडखड ऐकू येते. मिस्त्री त्याला "इंजिन ठोकतंय" म्हणतात, यापेक्षा नेमका शब्द कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. हेड गरम असेल तर हे लवकर होतं, आणि ठोकल्याने हेड आणखी गरम होतं. नव्या गाड्यांत ही ठोक ऐकणारा सेन्सर असतो आणि कॉम्प्युटर स्पार्कची वेळ मागे घेतो. ९११ मध्ये तो १९८९ च्या ९६४ या मॉडेलपासून आला. एससीमध्ये सेन्सर म्हणजे तुमचा कान. दुसरी गोष्ट बेअरिंगची. क्रँकशाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. हा थर फिरण्यानेच तयार होतो, पाण्यावर सपाट दगड वेगाने फेकला तर टप्पे घेतो तसं काहीसं. फेरे कमी आणि भार जास्त झाला की थर पातळ होत जातो, आणि धातूला धातू लागायची वेळ येते.

वडिलांना यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्ही ठाण्यातल्या चरईत राहायचो, आजोळ वसईकडचं. गायमुखच्या चढाला पुढे उभा मी, मागे आई, आईच्या मांडीवर पिशवी. चढ लागायच्या आधीच बाबा डाव्या मुठीने खटकन तिसऱ्यावरून दुसरा टाकायचे. चढावर गेल्यावर नाही, आधी. एकदा आमच्या घरच्या काकांच्या (नेरूळच्या नव्हे) हातात चेतक होती, त्यांनी पेट्रोल वाचवायला म्हणून तिसऱ्यातच रेटली आणि वरच्या वळणावर पिस्टन जाम. स्कूटर ढकलत घोडबंदरपर्यंत. बाबा एवढंच म्हणाले, "तिला श्वास घेऊ दिला नाहीस." दम लागलेल्या माणसासारखी भाषा होती ती, पण पंख्याचं गणित त्यात पुरतं होतं.

मग प्रत्येक वेळी इंजिन किंचाळतच ठेवायचं का? नाही. पंख्याला फिरवायलाही इंजिनाचीच शक्ती जाते, आणि ती फेऱ्यांच्या घनाने वाढते. फेरे दुप्पट तर पंख्याचं बिल आठपट. शिवाय सपाट रस्त्यावर ताशी ६० ला या गाडीला पाचेक किलोवॉट पुरतात. तेव्हा उष्णताच एवढी कमी असते की पाचव्यात, सोळाशे फेऱ्यांवर, पाय हलका ठेवून गेलात तर काही बिघडत नाही. खरं सांगायचं तर पाम बीचवर काकांचं थोडं अतीच चाललं होतं, आणि काही अंशी ते आवाजासाठीही असावं. वाईट असतं ते त्या सोळाशेवर असताना अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबणं. समोरचा टेम्पो ओलांडायचा असेल तर आधी तिसरा, मग पाय. काटा अडीच हजारांच्या खाली असेल तर पाय अर्ध्याहून खाली नेऊ नये, एवढं धोरण पुरतं. एक्स्प्रेसवेवर ताशी १०० ला पाचव्यात काटा आपोआप २६०० वर येतो, तिथे वाद उरत नाही.

दुसरं टोक जास्त मजेचं आहे. गाडी पूर्ण जोरात पळवायची असेल तर वरचा गिअर कधी टाकायचा? बरेच जण सांगतात, टॉर्क सर्वांत जास्त असतो तिथे. युरोपातल्या १९८१ नंतरच्या एससीत तो ४३०० फेऱ्यांवर २६७ न्यूटन-मीटर आहे. ऐकायला पटतं, पण चूक. चाकाला मिळतो तो इंजिनाचा टॉर्क गुणिले गिअरचं प्रमाण. या इंजिनाची कमाल शक्ती २०४ अश्वशक्ती, ५९०० फेऱ्यांवर. तिथे टॉर्क उतरून २४३ झालेला असतो. तिसऱ्यात त्याला १.२६ ने गुणा: ३०६. त्याच क्षणी चौथा टाकला तर फेरे ४७०० च्या आसपास पडतात, टॉर्क अगदी कमाल मिळाला तरी २६७, गुणिले १. म्हणजे टॉर्क उतरलेला असूनही तिसराच जास्त ढकलतो. पहिल्या-दुसऱ्यात तर फरक याहून मोठा: ७७३ विरुद्ध फार तर ४८९. म्हणून अशा गाडीत जोर हवा असेल तर शक्तीचं शिखर ओलांडून, आरपीएमच्या घड्याळावरच्या लाल पट्टीच्या अलीकडे, गिअर बदलायचा. पाम बीचवर मात्र हे गणित कागदावरच ठेवावं. तिथे तिसऱ्यातच कायद्याची मर्यादा केव्हाच मागे पडलेली असेल.

लाल पट्टीबद्दल एक भीती मनात असलेली बरी. वर जाताना फेरे मर्यादेबाहेर गेले तर इग्निशन तुटतं आणि इंजिन वाचतं. पण खाली येताना ते संरक्षण नाही. पाचव्यातून ५००० फेऱ्यांवर चौथा टाकायला गेलात आणि हात चुकून दुसरा पडला, तर क्लच सोडताच चाकं इंजिनाला साडेअकरा हजारांवर फिरवायला बघतात. इग्निशन बंद करून काय होणार, फिरवणारी चाकंच आहेत. व्हॉल्व्हच्या स्प्रिंग त्या वेगाला पुरत नाहीत, व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि पिस्टन त्याला भेटायला वर येतो. या गाडीच्या गिअरबॉक्सला घाई आवडतही नाही. काका न्यूट्रलमध्ये क्षणभर हात थांबवायचे, मग पुढे. थंड तेलात तर आणखी सावकाश. सकाळी पहिली पंधरा मिनिटं ते काटा चार हजारांवर जाऊ देत नव्हते, तेलाचं घड्याळ हललं की मगच.

वळणाबद्दलही सांगायला हवं. वजनाचा मोठा हिस्सा मागच्या चाकांवर असल्याने वळणाच्या मध्यावर पाय काढला किंवा खालचा गिअर टाकला की पुढचा भाग दबतो, मागची पकड सुटते आणि शेपूट पुढे यायला बघतं. येऊरच्या वळणांवर काकांचा हात वळणाच्या आधी दांड्यावर असायचा, वळणात दोन्ही हात स्टिअरिंगवर.

परत नेरूळला आलो. गाडी बिल्डिंगखाली लावली, पण काकांनी चावी फिरवली नाही. इंजिन हळू फिरत ठेवून मिनिटभर बसून राहिले. कारण उघड होतं: इंजिन बंद तर पंखाही बंद, आणि हेडमधली साठलेली उष्णता तिथल्या तिथे कोंडते. बाबाही गायमुखहून आल्यावर चेतक तशीच चालू ठेवायचे, चाळीच्या दाराशी, आणि तळमजल्यावरच्या जोशीकाकू निळा धूर घरात येतो म्हणून खिडकी आपटून लावून घ्यायच्या.