गॅप इयर

शालेय शिक्षण संपल्यानंतर आणि विद्यापीठात पाऊल ठेवण्यापूर्वी विद्यार्थ्याने ठरवून घेतलेला, साधारणतः एक वर्षाचा खंड. हा काळ प्रवास, नोकरी, स्वयंसेवा, भाषा किंवा हातकाम शिकणे यांपैकी एखाद्या गोष्टीत, बहुधा दोन-तीन गोष्टींच्या मिश्रणात जातो. मराठीत ‘विरामवर्ष’, ‘खंडवर्ष’ असे प्रतिशब्द सुचवले जातात. बोलण्यात मात्र ‘गॅप’ हाच शब्द रुळला आहे. त्याचा मराठीतील अर्थ मूळ इंग्रजी अर्थापासून बराच दूर गेला असून त्याचा विचार नोंदीच्या शेवटी केला आहे.

व्याख्या : ब्रिटनच्या शिक्षण खात्यासाठी अँड्र्यू जोन्स यांनी २००४ मध्ये तयार केलेल्या अहवालात या खंडाची मर्यादा ३ ते २४ महिने अशी धरली आहे. अभ्यासक बहुधा हीच मर्यादा घेऊन चालतात. मात्र या व्याख्येत महिन्यांच्या आकड्यापेक्षा दुसरी अट अधिक मोलाची आहे : हा खंड एखाद्या लांब पल्ल्याच्या वाटचालीचा भाग असला पाहिजे. परतायचे कोठे, हे निघतानाच ठाऊक असते. शिक्षण सुटणे, नापास होऊन थांबणे किंवा पैशाअभावी घरी राहणे या गोष्टी बाहेरून तशाच दिसल्या, तरी त्या या संज्ञेत बसत नाहीत.

उत्पत्ती : या प्रथेच्या उगमाविषयी तीन मते प्रचलित आहेत.

पहिल्या मतानुसार तिचे मूळ ‘ग्रँड टूर’मध्ये आहे. सतराव्या शतकापासून इंग्लंडमधील जमीनदार घराण्यांतील तरुण शिक्षकासह फ्रान्स, स्वित्झर्लंड व इटलीचा प्रवास करीत. १६७० मध्ये छापलेल्या इटलीविषयीच्या एका इंग्रजी प्रवासग्रंथात ही संज्ञा आढळते. रेल्वे आल्यावर, म्हणजे सु. १८४० नंतर, ही प्रथा ओसरली. साम्य आहे ते वयाचे आणि हेतूचे. परंतु ग्रँड टूर दोन-तीन वर्षेही चाले आणि पुष्कळदा ती विद्यापीठाच्या नंतर किंवा विद्यापीठाऐवजी होई. ‘मधला’ काळ हे तिचे लक्षण नव्हते. शिवाय तिच्या आणि १९६० च्या दशकातील प्रथेच्या दरम्यान शंभरांहून अधिक वर्षांचे अंतर पडते. ते भरून काढणारा दुवा या मताच्या पुरस्कर्त्यांना दाखवता आलेला नाही.

दुसरे मत लोकप्रिय लेखनात अधिक दिसते. १९६० व १९७० च्या दशकांत लंडन किंवा ॲमस्टरडॅमहून निघून इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर, दिल्लीमार्गे काठमांडू किंवा गोव्यापर्यंत येणारी जी ‘हिप्पी वाट’ होती, तिच्यातून गॅप इयर जन्मले, असे हे मत आहे. कळंगुट आणि हणजूण येथील किनाऱ्यांचा जगाला परिचय झाला तो याच काळात. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली आणि वर्षअखेरीस सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरले, तेव्हा खुष्कीचा हा मार्ग मोडला. पाठीवर पिशवी टाकून स्वस्तात हिंडण्याची रीत पुढच्या पिढीने येथून उचलली, हे मान्य करावे लागते. पण या वाटेवरचे बहुसंख्य प्रवासी प्रवेशाच्या रांगेत उभे असलेले विद्यार्थी नव्हते. अनेकांनी ती रांग सोडलेली होती. प्रवासाची तऱ्हा येथून आली, वर्ष येथून आले नाही, असे म्हणणे अधिक रास्त ठरेल.

तिसरे मत रुक्ष वाटते, परंतु पुरावा त्याच्याच बाजूने झुकतो. या मतानुसार गॅप इयर ही कायदा आणि परीक्षांचे वेळापत्रक यांतून पडलेली फट आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये तरुणांना सक्तीची लष्करी सेवा होती. १९४९ पासून लागू झालेली ही सेवा आधी दीड वर्षाची आणि १९५० पासून दोन वर्षांची होती. पदवीनंतर ती करण्याची मुभा असली, तरी बरेच तरुण शाळा व विद्यापीठ यांच्यामध्येच ती उरकून घेत. त्यामुळे अठराव्या वर्षी शाळा सोडणारा मुलगा विसाव्या वर्षी विद्यापीठात येणे ही नित्याची गोष्ट होती आणि महाविद्यालयांनाही त्याच्यासाठी जागा धरून ठेवण्याची सवय लागली. १९६० च्या अखेरीस नवी भरती थांबली. सेवा गेली, सवय उरली.

ही सेवा बंद होणार हे दिसू लागताच त्या मोकळ्या काळाचा उपयोग सुचवणारे एक पत्र मार्च १९५८ मध्ये पोर्ट्समथच्या बिशपांच्या सहीने संडे टाइम्समध्ये आले. त्यामागे ॲलेक डिक्सन होते.  ॲलेक व मोरा डिक्सन या दांपत्याने त्याच वर्षी ‘व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज’ (व्हीएसओ) ही संस्था उभी केली. तिचे सुरुवातीचे स्वयंसेवक नुकतीच शाळा संपवलेले अठरा वर्षांचे तरुण होते आणि त्यांतील काही बोर्निओतील सारावाकला गेले. पुढे ही संस्था पदवीधर व अनुभवी व्यावसायिकांकडे वळली. शालान्त तरुणांसाठी १९६७ मध्ये ‘प्रोजेक्ट ट्रस्ट’ निघाला व त्याने पहिले स्वयंसेवक इथिओपियाला पाठवले. १९७२ मधील ‘गॅप ॲक्टिव्हिटी प्रोजेक्ट्स’ या संस्थेच्या नावात तर ‘गॅप’ हा शब्दच होता. संज्ञा रूढ होण्यात या नावाचा वाटा किती, याविषयी मतभेद आहेत; शब्द आधी बोलीत होता व संस्थेने तो उचलला, हे अधिक संभवनीय वाटते.

वेळापत्रकाचा भाग असा : ऑक्सफर्ड व केंब्रिजच्या प्रवेशपरीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरात होत. उन्हाळ्यात ए-लेव्हल ही शाळेची अखेरची परीक्षा दिलेले विद्यार्थी त्यासाठी पुन्हा शाळेत येऊन आणखी एक सत्र काढत. याला ‘सातवे सत्र’ म्हणत, कारण वरच्या दोन इयत्तांची सहा सत्रे आधीच झालेली असत. निकाल नाताळच्या सुमारास लागे आणि विद्यापीठ उघडे ऑक्टोबरात. जानेवारी ते सप्टेंबर असे नऊ महिने हातात रिकामे राहत. प्रवेश तर निश्चित झालेला असे. सातव्या सत्राची सोय प्रामुख्याने खाजगी शाळांत होती. म्हणून ही प्रथा दीर्घकाळ सुखवस्तू घरांपुरती राहिली. तिच्यावरील ‘श्रीमंतांचे चोचले’ हा शिक्का येथूनच लागला असावा. १९८० च्या दशकाच्या मध्यास ही परीक्षापद्धती मोडीत निघाली, परंतु तोवर नऊ महिन्यांचे वर्ष झाले होते आणि इतर विद्यापीठेही मिळालेला प्रवेश एक वर्ष पुढे नेण्याची परवानगी देऊ लागली होती.

या मताला पुष्टी देणारी एक अलीकडची घटना नोंदवण्याजोगी आहे. इंग्लंडमध्ये २०१२ पासून वार्षिक शुल्काची कमाल मर्यादा सु. ३,४०० पौंडांवरून ९,००० पौंडांवर जाणार होती. त्यामुळे २०११ मध्ये शाळा संपवलेल्यांनी वाढ टाळण्यासाठी प्रवेश पुढे ढकलणे मोठ्या प्रमाणावर सोडून दिले. जगभर हिंडण्याची हौस एका वर्षात आटत नाही. आटते ती फट.

इतर देश : जर्मनीत कारागिरांच्या ‘वाल्झ’ या जुन्या प्रथेत उमेदवारी संपवलेला सुतार किंवा गवंडी तीन वर्षे व एक दिवस आपल्या गावापासून दूर काम करीत फिरतो. काळा पोशाख व रुंद काठाची टोपी घातलेले असे कारागीर आजही दिसतात. गॅप इयरशी तिचा थेट संबंध जोडता येत नाही. त्याच देशात १९६४ च्या कायद्याने ‘स्वयंसेवी सामाजिक वर्ष’ सुरू झाले. रुग्णालये, वृद्धाश्रम, बालवाड्या यांत तरुण काम करतात आणि त्यांना हातखर्च व विमा मिळतो. २००८ पासूनच्या ‘वेल्टवेर्ट्स’ योजनेतून असे तरुण भारतातही येतात. सामान्य घरातील मुलाला परवडेल असे वर्ष कसे घडवता येते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

डेन्मार्कमध्ये खंड घेणे इतके सार्वत्रिक झाले की शाळा संपल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करणाऱ्यांच्या सरासरी गुणांना १.०८ ने गुणण्याची सवलत शासनाने काही वर्षे दिली. ती पुढे रद्द झाली. इस्रायलमध्ये हा खंड सक्तीच्या लष्करी सेवेनंतर येतो. सेवा संपवून काही महिने हिंडणारे तरुण गोव्यात हणजूण-हरमल भागात आणि हिमाचलात कसोल परिसरात नेहमी आढळतात. ऑस्ट्रेलियाने १९७५ मध्ये काम करीत प्रवास करण्याचा व्हिसा सुरू केला व त्यामुळे प्रवासाचा खर्च प्रवासातच भागवणे शक्य झाले. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाने २००९ पासून प्रवेश मिळालेल्या निवडक विद्यार्थ्यांना नऊ महिने परदेशी सेवेसाठी पाठवणे सुरू केले; आरंभीच्या ठिकाणांत वाराणसी होते.

भारतीय परंपरेतील समांतर कल्पना : ‘केल्याने देशाटन’ ही मोरोपंतांच्या नावावर सांगितली जाणारी आर्या या संदर्भात हमखास उद्धृत होते. तिचा आधार असलेल्या संस्कृत सुभाषितात चातुर्याची पाच मुळे सांगितली आहेत. त्यांतील वारांगना हे मूळ मराठीत गळाले आहे आणि चारच उरली आहेत. दोन्हींत देशाटन पहिले व ग्रंथवाचन शेवटचे येते, याकडे लक्ष वेधले जाते. मात्र हा क्रम छंदाच्या सोयीचाही असू शकतो.

याहून बोलके उदाहरण सोडमुंजीचे आहे. मौंजीबंधनानंतर अध्ययन संपवून घरी परतण्याचा विधी म्हणजे समावर्तन. गृह्यसूत्रांत या प्रसंगी स्नातकाने जोडे, छत्र व दंड धारण करावेत असे सांगितले आहे. महाराष्ट्रात या विधीत बटू जोडे घालून, छत्री-काठी घेऊन ‘काशीला’ निघतो आणि मामा त्याला वाटेत अडवून ‘माझी मुलगी देतो’ असे म्हणत परत आणतो. काशीस निघण्याचा भाग सूत्रांतील नसून लोकाचारातून आलेला असावा. काही लेखक यात गॅप इयरचे प्राचीन रूप पाहतात, पण ते पटण्यासारखे नाही. बटू काशीला निघतो तो अभ्यासातून विसावा घेण्यासाठी नव्हे, तर आणखी अभ्यासासाठी किंवा संन्यासासाठी, अशीच या विधीची उपपत्ती सांगितली जाते. एक गोष्ट मात्र ध्यानात घेण्यासारखी आहे : अध्ययन व गृहस्थाश्रम यांमध्ये दूर जाण्याची एक शक्यता परंपरेला ठाऊक होती आणि कुटुंबाने मुलाला तेथून मागे वळवणे हाच त्या विधीचा गाभा झाला.

परिणाम : ऑस्ट्रेलियातील काही अभ्यासांत खंड घेऊन आलेल्यांची विद्यापीठातील कामगिरी व अभ्यासातील उमेद बरी आढळली. याउलट, काही अमेरिकी अभ्यासांत उशिरा प्रवेश घेणाऱ्यांचे पदवी पूर्ण करण्याचे प्रमाण कमी दिसते. ही विसंगती बरीचशी व्याख्येतून येते; दुसऱ्या गटात अडचणीमुळे थांबलेलेही मोजले जातात. पैसे भरून करावयाच्या अल्पमुदतीच्या परदेशी ‘सेवे’वर, विशेषतः अनाथालयांतील कामावर, तीव्र टीका झाली आहे. २००७ मध्ये खुद्द व्हीएसओने तरुणांना सांगितले की, अशा निरुपयोगी प्रकल्पांपेक्षा सरळ प्रवास करणे बरे.

महाराष्ट्र : येथे ‘गॅप’ म्हणजे कागदपत्रातील मोकळी जागा. बारावी आणि पुढील प्रवेश यांत वर्ष गेलेले असल्यास ‘गॅप सर्टिफिकेट’ मागितले जाते. नावाला प्रमाणपत्र असले तरी ते विद्यार्थ्याचे वा पालकाचे प्रतिज्ञापत्र असते आणि नोटरीसमोर किंवा तहसील कार्यालयात केले जाते. या काळात अन्य कोठेही प्रवेश घेतला नव्हता, असे त्यात लिहून द्यायचे असते. त्या वर्षी काय केले, यापेक्षा काय केले नाही याची ही ग्वाही होय.

ठरवून घेतलेल्या वर्षाला रूढ शब्द ‘ड्रॉप’ हा आहे आणि तो जवळजवळ नेहमी नीट किंवा जेईईच्या पुढच्या प्रयत्नासाठी असतो. लातूर, नांदेड, पुणे किंवा राजस्थानातील कोटा येथील शिकवणी वर्गांत ‘रिपीटर’ तुकड्या असतात. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही. जेईई ॲडव्हान्स्ड मात्र लागोपाठच्या दोनच वर्षांत देता येते. त्यामुळे अभियांत्रिकीकडे जाणाऱ्याला एका वर्षापलीकडे थांबणे फारसे शक्य नसते, तर वैद्यकीयसाठी दोन-तीन वर्षेही दिली जातात. प्रवासाचा पर्याय या चर्चेत क्वचितच येतो.

याचे कारण मराठी पालकांच्या भित्रेपणात शोधण्याचा प्रघात आहे. तो अन्यायकारक आहे. सरकारी प्रवेशप्रक्रियेत मिळालेली जागा पुढच्या वर्षासाठी धरून ठेवता येत नाही. कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या, फेरीत जागा ‘फ्रीज’ (पक्की) केली, तरी ती त्याच वर्षापुरती असते. ब्रिटिश विद्यार्थी जागा खिशात घालून निघतो, येथला ती सोडून निघतो. म्हणून तेथे वर्ष ‘घेतले’ जाते आणि येथे ते ‘जाते’, ‘बुडते’ किंवा ‘वाया जाते’. मुलींच्या बाबतीत ‘घरी बसली आहे’ असे म्हटले जाऊ लागले की स्थळांची चौकशीही लगेच सुरू होते.

वर्षाची वेगळी कल्पना सार्वजनिक कार्याच्या अंगाने काही वेळा मांडली गेली. १९७४ मध्ये बिहार आंदोलनात जयप्रकाश नारायण यांनी विद्यार्थ्यांना वर्षभर कॉलेज सोडून चळवळीत येण्याचे आवाहन केले. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी काही दिवसांचीच असली, तरी सुट्टीत घर सोडून तेथे राहिलेल्या अनेकांच्या आयुष्याची दिशा तिने बदलली. अभय व राणी बंग यांचा ‘निर्माण’ हा उपक्रम २००६ पासून गडचिरोलीत चालतो. त्यातील युवक शिबिरांपलीकडे जाऊन सामाजिक संस्थांत काही काळ काम करतात, पण बहुतेक जण पदवीच्या दरम्यान किंवा नंतर. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवी मध्येच थांबवून पुन्हा सुरू करण्याची मुभा दिली आहे व मिळवलेली श्रेयांके साठवून ठेवण्याची सोय केली आहे. ही सोय एकदा प्रवेश घेतलेल्यांसाठी आहे. बारावी होऊन उंबऱ्यावर उभ्या असलेल्यांना ती लागू होत नाही.